कुठला अलार्म कुणाला ऐकू येतो

गॅसच्या पाइपलाइनची कंट्रोल रूम म्हणजे एक गार, शांत खोली असेल आणि तिथं माणसं गंभीर चेहऱ्यानं पडद्यांकडे बघत बसली असतील, अशी माझी समजूत होती. खोली गार होती. बाकीची समजूत मी आत पाऊल टाकताच गेली. ती खोली सतत वाजत होती.

मी मूळची सांगलीची. पुण्यात इन्स्ट्रुमेंटेशन शिकले, तिथंच नोकरीला लागले. नवऱ्याची बँकेतली बदली कोलकात्याला झाली, तेव्हा मीही इथल्या एका खासगी कंपनीत काम शोधलं. कंपनीची गॅसची लाइन जमिनीखालून दोन राज्यांतून येते आणि तिची कंट्रोल रूम एस्प्लनेडजवळच्या एका इमारतीत वरच्या मजल्यावर आहे. मला दिलेलं काम एका वाक्यात मावत होतं. अलार्म कमी करा.

लाइनवर ठिकठिकाणी कुंपणाच्या आत लहानलहान स्टेशनं असतात. तिथला दाब किती, व्हॉल्व्ह उघडा की बंद, हे सगळं आमच्या पडद्यांवर दिसतं. काहीही ठरलेल्या मर्यादेबाहेर गेलं की पडद्यावर तांबडी ओळ लुकलुकते आणि एक बारीक, टोकदार शिट्टी वाजते. कंट्रोलरनं ओळ वाचून बटण दाबायचं. मग शिट्टी थांबते.

मी पहिले काही दिवस नुसती मागं खुर्ची टाकून बसले. शिट्टी वाजायची, हात बटणाकडे जायचा, शिट्टी थांबायची. डोळे मात्र भलतीकडेच असायचे. कधी फोनवर, कधी डब्याच्या झाकणावर.

"आत्ता काय वाजलं?" मी एकाला विचारलं.

"ते? एका स्टेशनातल्या बॅटरीच्या खोलीचं दार, मॅडम. वाऱ्यानं हलतं."

"आणि त्याच्या आधी?"

तो हसला. "बघितलंच नाही."

मला त्याचा राग आला नाही. आपल्या घरातल्या फ्रिजचा आवाज आपण तरी कुठं ऐकतो? पण त्या दारांच्या आणि बॅटऱ्यांच्या गर्दीत कधीतरी खरी गळती वाजणार होती, आणि तिचीही शिट्टी अगदी हीच असणार होती.

त्या खोलीत एक माणूस वेगळा होता. सगळ्यांत ज्येष्ठ कंट्रोलर. पन्नाशी ओलांडलेले, रोज बजबजहून लोकलनं सियालदहला येऊन पुढं ऑफिस गाठणारे. सगळे त्यांना दादा म्हणायचे, मीही म्हणू लागले. शिट्टी झाली की इतरांचे हात उडायचे, दादांचा हात उडायचा नाही. ते ओळ वाचायचे, मग सावकाश बटण दाबायचे. आपापल्या मधल्या मोठ्या पडद्यावर इतरांनी अलार्मची यादी उघडून ठेवलेली असायची. दादांच्या पडद्यावर दाबाचे आलेख असत, एकाखाली एक, हळूहळू सरकणारे. आणि कितीदा तरी मी पाहिलं की अलार्म वाजण्याआधीच दादा स्टेशनला फोन लावून विचारत होते, "तुमच्याकडे दाब उतरतोय, काय चाललंय?" फोनवरच्या माणसाला ते प्रत्येक वाक्य पुन्हा म्हणायला लावत. त्यांचं बघून बाकीच्यांनीही ती सवय उचलली होती. चांगली शिस्त म्हणून.

हे त्यांना कसं जमतं याचं मला विलक्षण कुतूहल वाटायला लागलं. मी त्यांच्या शेजारी बसू लागले. दादा फार बोलत नसत. मी काही विचारलं की आधी माझ्या तोंडाकडे बघत आणि मग हिंदीत, बंगाली वळणानं, थोडक्यात उत्तर देत. मला वाटलं, स्वभाव असेल.

मग आवाजांचा विषय निघाला. आतापर्यंत सगळ्या अलार्मना एकच शिट्टी होती. आम्ही ठरवलं की तीन वेगळे आवाज करायचे: साधा, महत्त्वाचा आणि तातडीचा. यंत्रणा पुरवणाऱ्या कंपनीनं नमुने पाठवले. मी ते घरी लॅपटॉपवर लावून बघत होते, तर माझी मुलगी येऊन शेजारी बसली. ती इथल्याच शाळेत वाढतेय. तिच्या मराठीत बंगाली कधी शिरतं ते तिचं तिलाही कळत नाही.

"आई, हा तर टोटोचा हॉर्न आहे," ती एका आवाजाला म्हणाली. आमच्या गल्लीतल्या बॅटरीच्या रिक्षा खरंच तसं वाजवत जातात. दुसऱ्या एका बारीक, चढत जाणाऱ्या शिट्टीला ती दचकली. "ह्याचं भय लागतं गं."

"भीती वाटते म्हण."

"तेच. वाटते."

तातडीसाठी मी तोच निवडला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ड्यूटीवर नसलेल्या कंट्रोलरना मीटिंगच्या खोलीत बोलावलं. मी आवाज लावणार, ऐकू आला की हात वर करायचा, एवढंच. साधा आवाज लावला, सगळे हात वर. महत्त्वाचा लावला, सगळे हात वर. तातडीचा लावला, तेव्हा दादांचा हात किंचित उशिरा वर आला. मी पुन्हा लावला. दादा समोर बसलेल्या माणसाकडे बघत होते. त्याचा हात हलला, मग दादांचा.

मला वाटलं, माझाच भ्रम असेल. मी म्हटलं, "आता सगळ्यांनी डोळे मिटा. नुसतं ऐका."

सगळ्यांनी डोळे मिटले. मी तातडीची शिट्टी लावली. खोलीत ती सुईसारखी घुमली. हात वर गेले, एक सोडून. दादा मिटल्या डोळ्यांनी, मान थोडी पुढं करून, अगदी मनापासून वाट बघत बसले होते.

मी शिट्टी बंद केली. बाकीच्यांचे डोळे मिटलेले होते, त्यामुळे कुणालाच काही कळलं नाही. डोळे उघडल्यावर दादांनी आधी माझ्याकडे पाहिलं. मी बघत होते हे त्यांना दिसलं.

संध्याकाळी ते माझ्या टेबलाशी आले. "चहा घेऊ या का खाली?"

इमारतीच्या खाली फुटपाथवर चहावाला आहे. मातीच्या कपातला चहा घेऊन आम्ही भिंतीच्या कडेला उभे राहिलो. बसेसचा गोंगाट होता. आता मला कळलं, ते माझ्या तोंडाकडे का बघतात.

"वाजलं होतं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"किती मोठ्यानं?"

"बरंच."

त्यांनी मान हलवली. मग सांगितलं. तरुणपणी त्यांनी कॉम्प्रेसर स्टेशनवर काम केलं होतं. गॅस पुढं ढकलणारी मोठी इंजिनं, आणि त्यांच्या शेजारी उभं राहून ड्यूटी. कानात घालायचे बोळे तेव्हा कुणी घालत नसे, घातले तर लोक हसत. जाडे आवाज अजूनही येतात, बारीक गेले. "कधी गेले ते कळलंच नाही. मला वाटायचं, कंपनीनं शिट्टीचा आवाज कमी केलाय."

"मग इतकी वर्षं अलार्म पकडता कसे?"

"लाइन काय करतेय ते बघत असतो. दाब एकदम पडत नाही, आधी वळतो. रेषा वळली की मला कळतं." चहाचा घोट घेऊन ते म्हणाले, "आणि शेजारच्याचा हात हलतो ना."

"शेजारचा जेवायला गेला तर?"

"तेव्हा मी पडद्यावरून नजर काढत नाही. पाणीसुद्धा पीत नाही."

मला त्यांच्या त्या न प्यालेल्या पाण्याचं फार वाईट वाटलं. पण मनात दुसराही विचार चालू होता. दाबाची रेषा वळते हे खरं. स्टेशनातला गॅस पकडणारा सेन्सर मात्र वळत नाही. तो सरळ वाजतो.

"कधी काही सुटलं?" मी विचारलं.

"एकदा. माझी नजर दुसरीकडे होती. ओळ बराच वेळ लुकलुकत राहिली. दारच निघालं ते. पण त्या रात्री झोप लागली नाही." मग त्यांनी थेट विचारलं, "तुम्ही वर सांगणार?"

"सांगावंच लागेल, दादा. पण तुम्ही सांगितलंत तर जास्त बरं."

त्यांनी कप टोपलीत टाकला आणि लिफ्टकडे गेले. मी त्यांच्या मागं गेले नाही. आमच्या मॅनेजरबाईंच्या केबिनमधून ते बाहेर आले तेव्हा मी नुकतीच वर येऊन जिन्यापाशी उभी होते. "तपासणी होईपर्यंत पडद्यावर बसायचं नाही म्हणाल्या," ते म्हणाले. "तोवर तुमच्याबरोबर अलार्म कमी करायचं काम." त्यांचा चेहरा उतरलेला होता, पण खांदे मला सैल वाटले. मॅनेजरबाईंनी शहाणपणानं सगळ्याच कंट्रोलरचे कान तपासायला सांगितले. आणखी दोघांना बारीक आवाज कमी ऐकू येत असल्याचं त्यात निघालं. त्या दोघांना ते माहीतही नव्हतं. मी निवडलेली शिट्टी अर्थातच रद्द झाली. तिच्या जागी दोन सुरांचा एक जाडसर आवाज ठरला, तो सगळ्यांना पोचत होता.

काही आठवड्यांनी दादा कानात यंत्रं लावून कंट्रोल रूममध्ये आले. दार उघडलं, दोन पावलं आत टाकली आणि थबकले. शिट्ट्या चालू होत्या. अजून यंत्रणेत काही बदललेलं नव्हतं.

"हे काय आहे?" ते मला म्हणाले.

"अलार्म."

"असं सतत?"

"सतत."

"आणि यात तुम्ही लोक विचार कसा करता?"

खोलीतले सगळे हसले. दादा हसले नाहीत. ते खरंच विचारत होते. त्यांची इतकी वर्षं त्या खोलीत गेली होती, पण ती खोली त्यांनी अशी कधी ऐकलीच नव्हती.

त्यानंतर अलार्म कमी करायच्या कामात दादांसारखा हट्टी माणूस मला मिळाला नसता. आम्ही एकेक अलार्म काढून बसायचो आणि ते एकच प्रश्न विचारायचे, "हा वाजला तर मी काय करायचं?" उत्तर नसलं की म्हणायचे, "मग वाजतो कशाला?" वाऱ्यानं हलणाऱ्या दारासाठी आम्ही स्टेशनला कडी बसवायला लावली. काही अलार्म नुसते नोंद म्हणून ठेवले, आवाज न करता. काहींवर आमचे वाद झाले. एका तापमानाच्या अलार्मवर आम्ही अख्खी दुपार घालवली आणि शेवटी तो का लावला होता हे शोधायला जुन्या, निवृत्त इंजिनियरला फोन केला. त्यांनाही आठवेना. "तेव्हा जागा होती, म्हणून लावला असेल," ते म्हणाले. दादांनी समाधानानं तो पुसला. गॅसच्या सेन्सरचा अलार्म मात्र त्यांनी एकही काढू दिला नाही. "हे आलेखात दिसत नाहीत," एवढंच म्हणाले.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर ते पुन्हा ड्यूटीवर बसू लागले. लोकलमध्ये यंत्रं काढून खिशात ठेवतात, ऑफिसच्या दारात लावतात. नवीन माणसांना ते आता आलेख वाचायला शिकवतात, आणि मी त्या वर्गात अजूनही मागं बसते. रेषा "वळते" म्हणजे नेमकी कुठं, हे मला अजून त्यांच्याइतकं दिसत नाही.

खोली आता इतकी शांत झालीय की एसीची घरघर ऐकू येते, खुर्चीचं चाक कुरकुरतं ते ऐकू येतं. परवा एक कंट्रोलर उठून आमच्याकडे आला. जरा अस्वस्थ होता.

"सकाळपासून काहीच वाजलं नाही," तो म्हणाला. "स्पीकर चालू आहे हे कसं समजायचं?"

मी दादांकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे. हा प्रश्न आम्हा दोघांच्याही डोक्यात आला नव्हता.

"चाचणीचा एक आवाज लावता येईल, रोज ड्यूटी बदलताना," मी म्हटलं.

"म्हणजे आणखी एक अलार्म," दादा म्हणाले. त्यांनी खुर्ची जवळ ओढली, त्या कंट्रोलरलाही बसायला सांगितलं, आणि आम्ही तिघं त्यावर बोलायला लागलो.