वीस ते ऐंशी

माझ्या साडूंनी आजवर एकाही माणसाकडे तो आज कोण आहे म्हणून पाहिलेलं नाही; चार वर्षांनी तो कोण झालेला असेल, तेवढंच ते पाहतात. इथे सिंगापुरात हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे आमच्या खाऊगल्लीत, नवा डोसेवाला आला की आम्ही डोसा खातो, हे त्याचं मनगट न्याहाळतात. "हात चांगला आहे, पण रांग वाढली की घाबरतो. दोन वर्षं द्या त्याला," असा निकाल देऊन मग स्वतःचा गार झालेला डोसा उचलतात. मी मुलगी बघायला गेलो होतो तेव्हा हे त्या घरचे थोरले जावई म्हणून कोपऱ्यात बसले होते. मी चोरून मुलीकडे बघत होतो आणि हे उघडउघड माझ्याकडे. मी गेल्यावर सासूबाईंनी त्यांचं मत विचारलं, तर म्हणाले, "सुधारायला वाव आहे." या एका वाक्यावर माझं लग्न झालं. तो वाव अजून जसाच्या तसा शिल्लक आहे, असं माझी बायको म्हणते.

हा सगळा बेसबॉलचा परिणाम. तरुणपणी कंपनीनं त्यांना सहा महिने अमेरिकेतल्या एका आडगावी धाडलं होतं. संध्याकाळी तिथे करण्यासारखं काही नव्हतं, होतं ते फक्त एक मैदान, आणि त्यावर मायनर लीगचे सामने. वरचा, दिमाखाचा, टीव्हीवरचा बेसबॉल म्हणजे मेजर लीग. तो कोणीही बघेल. साडूंना नाद लागला तो खालच्याचा, जिथे विशीतली पोरं बसमधून गावोगाव हिंडत खेळतात आणि वरून बोलावणं येण्याची वाट बघतात. बहुतेकांना ते कधीच येत नाही. कोणाला येईल हे आधी ओळखायचं, हे पारख्यांचं काम, आणि ते काम कोणीही न सांगता साडूंनी अंगावर घेतलं. नंतर सिंगापूरला आले, चांगी बिझनेस पार्कात एका बँकेचे संगणक सांभाळू लागले, तरी ते सुटलं नाही. तिथली संध्याकाळ ती आमची सकाळ, त्यामुळे ईस्ट कोस्टच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये सकाळी सातला चहा, पोळीभाजीचे डबे आणि अमेरिकेतल्या कुठल्याशा तालुक्याच्या गावचा सामना, हे सगळं एकाच टेबलावर चालायचं.

पारख्यांची मोजपट्टी वीसपासून ऐंशीपर्यंत असते. शून्य ते शंभर का नाही, असं मी एकदा विचारलं. साडू म्हणाले, "अगदी शून्य कोणीच नसतो, साडूभाऊ. आणि शंभर तर नसतोच." पन्नास म्हणजे वरच्या लीगमधला साधारण खेळाडू. या पट्टीवर त्यांनी सगळ्या गोताला आकडे दिले होते. सासूबाईंच्या पुरणपोळीला सत्तर, माझ्या बायकोच्या गाडी चालवण्याला तीस. सासूबाई त्या सत्तरावर खूश होत्या, पुढचे दहा कुठे गेले एवढंच अधूनमधून विचारायच्या. मला मात्र आकडा नव्हता. आडवळणानं विचारलं की म्हणायचे, "तुम्हाला अजून दडपणात पाहिलेलं नाही." मी तुआसला जहाजांच्या यार्डात पंधरा-पंधरा तास घाम गाळतो, ते बहुधा दडपणात मोजत नव्हते.

त्यांचा जीव अडकला होता एका डावखुऱ्या पिचरमध्ये. चेंडू टाकायचा तो हळू. अमेरिकेतल्या पारख्यांनी त्याला कधीच मोडीत काढलं होतं. साडूंनी मात्र पंचेचाळीस दिले होते. "मोठा नाही होणार," म्हणायचे, "पण डावखुऱ्या बॅटरला अडवायला असा एक माणूस लागतोच. एकदा तरी बोलावतील." पोरगा तिशीकडे झुकला, बोलावणं आलं नाही. ताई, म्हणजे माझी थोरली मेव्हणी, त्याला 'तुमचा घोडनवरा' म्हणायची.

आणि मग तो सप्टेंबर आला. त्या काळी सप्टेंबरात वरचे संघ दार जरा किलकिलं करून खालची चार पोरं जास्तीची आत घ्यायचे, त्यामुळे साडू दर वर्षीच त्या महिन्यात अर्धे व्हायचे. या वर्षी आणखी एक गोष्ट होती. बँक त्यांचं काम पुण्याला हलवणार होती. इथे मोजकी माणसं ठेवणार, त्यांचेच पास, म्हणजे इथे राहून काम करायचे परवाने, वाढवण्यासाठी अर्ज करणार, बाकीच्यांनी सामान बांधायचं. हे मला ताईनं सांगितलं. रविवारी समुद्राकाठी फिरताना मी भीत भीत विचारलं, "काही कळलं का?" तर म्हणाले, "अजून खालीच आहे." मी पासाबद्दल विचारत होतो, ते डावखुऱ्याबद्दल सांगत होते. निदान मला तरी तसं वाटलं. घरात सगळे दबकून वागत होते. त्यांच्या मुलीची सहावीची मोठी परीक्षा तोंडावर होती. तिनं एकदा जेवताना ताट सारलं आणि सरळ विचारलं, "बाबा, we going back or not? Just say lah." साडूंनी ताट परत तिच्यापुढे ओढलं आणि त्यात वरण वाढलं.

गणपती त्यांच्याकडे बसायचा. त्या चतुर्थीला पहाटेच बातमी आली की डावखुऱ्याला वर बोलावलंय. साडूंनी ती सांगितली ती एखाद्याचं दुखणं सांगावं तशी. आम्ही पोचलो तेव्हा ते कद नेसून पूजेला बसले होते. मखराच्या शेजारी, चपलांच्या कपाटावर लॅपटॉप, आवाज बंद करून ठेवलेला. लॅपटॉपजवळ फोन, कारण आज सकाळी ऑफिसातून कळवणार होते. आचमन करताना त्यांची नजर गणपतीवरून लॅपटॉपवर, लॅपटॉपवरून फोनवर जायची आणि पुन्हा गणपतीवर यायची. सासूबाई खास या दिवसांसाठी पुण्याहून आल्या होत्या. त्या मला हळूच म्हणाल्या, "यांचं लक्ष तीन देवांत वाटलंय."

आरतीला उभे राहिलो आणि नेमका तेव्हाच डावखुरा मैदानात आला. तिन्ही बेसवर समोरचे खेळाडू उभे, एक चूक झाली की सामना गेलाच. पुढे बॅटर डावखुरा, भलादांडगा. साडूंच्या हातातलं तबक लॅपटॉपलाच ओवाळू लागलं. आम्ही 'सुखकर्ता' म्हणत होतो, पण कोणाचंही तोंड मखराकडे नव्हतं. सासूबाईसुद्धा टाळ्या वाजवत लॅपटॉपकडे वळल्या होत्या. दोन चेंडू बरोबर पडले, तीन चुकीचे. आता पुढचा निकालाचा. आणि फोन वाजला.

कपाटाच्या लाकडावर तो गुरगुरत सरकत होता. पडद्यावरचं नाव ताईला दिसलं. तिनं साडूंकडे पाहिलं. साडूंनी मान हलवली: नको. ताईनं घंटा आणखी जोरात वाजवायला घेतली. फोन सरकत सरकत कपाटाच्या कडेला आला, मी तो झेलायला एक हात पुढे केला, आणि तेवढ्यात डावखुऱ्यानं त्याचा तो हळू चेंडू टाकला. दांडगोबानं बॅट फिरवली ती चेंडू पोचण्याच्या आधीच. हवेत गेली. दांडगोबा बाद.

"पंचेचाळीस," साडू पुटपुटले. डोळे भरले होते. कापराचा धूर लागला, म्हणाले.

डावखुऱ्याला लगेच बाहेर घेतलं. त्याला त्या एका माणसापुरतंच बोलावलं होतं. साडूंनी सगळी आरती पुरी केली, तबक फिरवलं, मग फोन घेऊन बाल्कनीत गेले. काचेतून आम्हाला त्यांची पाठ दिसत होती. आत आले तेव्हा ताईनं नुसतं पाहिलं. "डिसेंबरपर्यंत," ते म्हणाले. सासूबाईंना पासाचं काही सांगितलेलंच नव्हतं. त्यांनी विचारलं, "जमलं ना हो त्या मुलाला?"

"जमलं, आई."

मोदक खाताना साडू माझ्याकडे झुकून म्हणाले, "एकदा वर खेळला ना साडूभाऊ, की तो वरचाच. मग खाली पाठवला तरी." मी मोदकावर तूप वाढत राहिलो.

महिन्याभरात डावखुऱ्याला संघानं मोकळं केलं, आणि डिसेंबरात ही मंडळी पुण्याला गेली. आता तिथे सामना पहाटे साडेचारला लागतो, तरी साडू उठतात. मी तुआसच्या बसमध्ये फोन उघडतो, काही न कळता तोच सामना बघतो आणि "बघताय ना?" असं त्यांना विचारतो. "बघतोय," एवढंच उत्तर येतं. दोघांचंही तेवढ्यानं भागतं.

जाताना मखर आमच्याकडे देऊन गेले होते. पुढच्या चतुर्थीला जन्मात पहिल्यांदा मी कद नेसलो. चपलांच्या कपाटावर फोन, फोनमध्ये पुण्याहून साडू. मी आरतीचं दुसरं कडवं तिसऱ्याच्या जागी म्हटलं, तबक कललं, कापूर विझला. तो पुन्हा पेटवताना तीन काड्या मोडल्या. साडू पडद्यातून एकटक बघत होते, कांदेपोह्यांच्या दिवशी बघितलं होतं अगदी तसंच. आरती संपली. मी घाम पुसला आणि न विचारताही ते बोलले.

"चाळीस," म्हणाले. आणि वर, "सुधारायला वाव आहे."

बायको हसली. मी मात्र फोन बराच वेळ हातात धरून उभा होतो. पन्नाशी उलटलेल्या माझ्याबद्दल असं म्हणणारं दुसरं कोणी आता उरलेलं नाही.