वच्छलाबाईंच्या उशीखालचा हिरा

छावणी भागातल्या वच्छलाबाई काय करतात असं विचारलं तर साड्यांना फॉल लावतात, असंच कोणीही सांगेल. त्यांचं दुसरं काम सांगताना मात्र माणसं आवाज खाली आणतात. वच्छलाबाई लोकांचे खडे उशीखाली घेऊन झोपतात.

नीलम किंवा हिरा घेतला की जुनी माणसं तो लगेच बोटात घालू देत नाहीत. तीन रात्री उशाशी ठेवायचा. स्वप्नं बरी पडली तर लाभला, वाईट पडली तर सराफाकडं परत. इथवर ठीक. पण नव्या नवरीला लग्नाच्या तोंडावर वाईट स्वप्न पडावं असं कोणाला वाटेल? मग हा ताप दुसऱ्याच्या माथी मारायचा, आणि तो माथा वच्छलाबाईंचा. मोटारीतून फिरणारी शिकलेली माणसंसुद्धा गुपचूप त्यांच्या दारी येतात आणि वर ‘आमचा विश्वास नाही हो, घरातल्या मोठ्यांसाठी’ असं साळसूदपणे सांगतात. वच्छलाबाई त्यांना चहा पाजतात. या कामाचा पैसा मात्र त्यांनी कधी घेतला नाही.

कारण त्यांना दुसरंच काही हवं होतं. त्यांची एकुलती एक रूपा कॉलेजात असताना डेंग्यूनं गेली. वच्छलाबाई दवाखान्याच्या वॉर्डातून औषध आणायला खाली उतरल्या होत्या, तेवढ्यात गेली. त्यानंतर ती एकदाही आईच्या स्वप्नात आली नाही. परक्याचा खडा उशाला घेतला की परक्यांची मेलेली माणसं यायची. कोणाचा विहिरीत बुडालेला दीर ओल्या कपड्यांनी दारात उभा राही, कोणाची सासू जेवायला मागे. सगळं जग यायचं, रूपा तेवढी यायची नाही. पोर आपल्यावर रुसली आहे, असं वच्छलाबाईंच्या मनानं घेतलं होतं.

मग प्रयोगशाळेतले हिरे आले. सराफ्यातल्या प्रणयच्या वडिलोपार्जित दुकानात वच्छलाबाईंच्या नवऱ्यानं जन्मभर खडे बसवले होते, त्यामुळं तिथं त्यांना बसायला स्टूल मिळायचं.

“मावशी, ह्याला खोटा नका म्हणू,” प्रणय सांगायचा. “खोटा म्हंजे काच. हा हिराच हाय, फक्त जमिनीतून नाय आला. हिऱ्याचीच पातळ चकती मशीनमध्ये ठेवतात, त्याच्यावर थर चढत जातो. भिंग लावून मलासुद्धा फरक सांगता येत नाय.”

प्रतवारी मात्र त्याचीही होते. रंग, आतले डाग, पैलूंची घडण आणि वजन. अगदी बिनरंगी खडा डी, मग ई, असं खाली उतरत जायचं. आता काही ठिकाणी ही अक्षरंही देत नाहीत, नुसतं ‘प्रीमियम’ नाही तर ‘स्टँडर्ड’ लिहून मोकळे होतात. खड्याच्या कडेवर बारीक नंबर कोरलेला असतो, तो रिपोर्टशी जुळवून बघायचा. “आणि विकायला आणला तर फार काही हाती येणार नाय,” हेही प्रणय गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगायचा. “अंगावर घालायला घ्या, मोडायला नाय.” असा सराफ विरळाच.

वच्छलाबाईंनी असे बरेच खडे उशाला घेतले. एकातूनही कोणी आलं नाही. नुसती पांढरी, मुकी झोप. ज्याला मागचंच काही नाही त्यातून येणार तरी कोण? लोक खूश होते, बाई बिचारी अधिकच एकटी पडली.

तशात सिडकोतल्या मालनबाई होणाऱ्या सुनेची अंगठी घेऊन आल्या. सून अपेक्षा, सरकारी दवाखान्यात नर्स. हिरा तिनंच पसंत केला होता, प्रयोगशाळेतला. “मशीनमधला दगड घरात आणायचा म्हंजे जिवाला घोर,” मालनबाई म्हणाल्या. “तुम्ही व्हय म्हणा, मगच बोटात.”

पहिल्याच रात्री रूपा आली.

खाटेच्या पायथ्याशी बसली, आजारपणातल्याच निळ्या गाऊनमध्ये. बोलली नाही. आईकडं बघत राहिली, आणि उजाडायच्या सुमाराला नव्हती. वच्छलाबाईंना भीती वाटली नाही. इतका आनंद झाला की दिवसभर त्यांना जेवण सुचलं नाही.

तीन रात्री सरल्या. मालनबाई आल्या तेव्हा वच्छलाबाई खोटं बोलल्या. “अजून कळंना. राहू द्या थोडे दिवस.” पुढच्या खेपेलाही तेच. मालनबाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. खडा वाईट आहे, मग तो पसंत करणारीचा पायगुण तरी कसा असेल, इथपर्यंत बोलणं गेलं. वच्छलाबाईंना सगळं समजत होतं. संध्याकाळ झाली की मात्र त्या घाईघाईनं अंथरूण घालत.

एका दुपारी अपेक्षा स्वतःच आली, ड्युटीवरून थेट.

“मावशी, रिपोर्ट घेऊन आले,” ती म्हणाली. “रंग डी, आत डाग नाय, नंबर मी घेतानाच स्वतः भिंगातून बघितला होता. सगळं चांगलं हाय. मग ह्यात वाईट काय दिसलं तुम्हाला? घरी लग्न मोडायची भाषा चाललीय.”

तिचे डोळे रडून सुजले होते. आपल्या मेलेल्या लेकीपायी आपण जितीचं वाटोळं करायला निघालो, हे वच्छलाबाईंना उमगलं. त्यांनी आत जाऊन अंगठी आणली. “लाभला. लई चांगला लाभला. सासूला सांग, वच्छलाबाईनं सांगितलंय.” अंगठी सोडताना त्यांची बोटं आखडली होती.

लग्न लागलं. वच्छलाबाईंनी प्रणयकडून अगदी तसाच खडा मागून आणला. तोच रंग, तीच घडण, वजनही तेच. “डोळे झाकून घ्या, दोन्ही सारखेच,” तो म्हणाला. त्या डोळे झाकून निजल्या. कोणी आलं नाही. पुन्हा ती पांढरी झोप. आपण पोरीला आपल्या हातानं घराबाहेर काढलं, असं म्हणत त्या भिंतीकडं तोंड करून पडून राहू लागल्या.

दिवाळीला माहेरी आलेली अपेक्षा त्यांच्याकडं डोकावली. चेहरा उतरलेला.

“मावशी, खरं सांगा. तुम्हाला ह्या खड्यात कोणी दिसलं होतं का?”

“का गं?”

“रोज एक पोरगी येती. निळा गाऊन घातलेली. वाईट काही करत नाय. घरभर फिरती, डबे उघडून बघती, भिंतीला हात लावती. मला लई भ्या वाटतं. यांना सांगितलं तर हसतात.”

वच्छलाबाईंनी तिला हाताला धरून आत घेतलं. “बोलती का काही?”

“रोज एकच. जाताना माझ्याजवळ येती अन् म्हणती, ‘आईला सांग, मी पोचले.’ मी कुठं शोधू तिच्या आईला? अंगठी काढून ठेवू का मी?”

“नगं काढू,” वच्छलाबाई कशाबशा म्हणाल्या. “राहू दे बोटात.” आणि खाली बसून त्यांनी मोठ्यानं गळा काढला. रूपा गेल्यापासून त्या अशा रडल्या नव्हत्या. अपेक्षाला काहीच कळेना. ती त्यांच्या शेजारी टेकली आणि अंगठीचा हात त्यांच्या पाठीवरून फिरवत राहिली.