दादा शेवट सांगायचा नाही

आम्ही लहान होतो तेव्हा सदाशिव पेठेतल्या वाचनालयात एका वर्गणीवर एका वेळी एकच पुस्तक मिळायचं, आणि आमच्या घरात ते पुस्तक ठरलेलं असायचं. कोर्टातली रहस्यकथा. कुणाचा तरी खून व्हायचा, पोलीस भलत्याच माणसाला धरायचे आणि मग त्याच्या बचावाला एक वकील उभा राहायचा. हा वकील काळा कोट घालून नुसता तारखा घेणारा नव्हता. तो स्वतः हिंडून माग काढायचा आणि शेवटच्या प्रकरणात उलटतपासणीत असा एक प्रश्न टाकायचा, की खऱ्या खुन्याला भर कोर्टात घाम फुटायचा. अशील नेहमी निर्दोष. अशील दोषी निघाल्याचं एकही पुस्तक माझ्या वाचनात नाही, आणि मी ती शंभराच्या वर वाचली असतील.

दादा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा, त्यामुळे पुस्तक आधी त्याचं. तो दुपारी वाचून संपवायचा आणि मग मी वाचत असताना समोर बसून माझं तोंड बघायचा. खुनी कोण हे त्याला ठाऊक असायचं. मी किती खोदून विचारलं, चिडले, एकदा तर त्याला चावलेसुद्धा, पण दादा शेवट सांगायचा नाही. चेहऱ्यावरची रेघ हलायची नाही.

आमच्या वाचनालयाचे वाचकही अस्सल पेठी. त्यांच्यातल्या कुणा सज्जनाला पहिल्याच पानावर पेन्सिलीनं लिहून ठेवायची खोड होती. ‘खुनी : धाकटा मेहुणा. पुढे वाचण्याचे कष्ट घेऊ नयेत.’ अक्षर मोठं सुरेख होतं, याचा जास्त राग यायचा. दादा पुस्तक माझ्या हातात देण्याआधी ती ओळ खोडरबरनं खोडायचा. इतकी घासून, की तिथं कागद राखाडी व्हायचा आणि थोडा विरायचा. मला हे कळलं तेव्हा मी सात-आठ वर्षांची असेन. माझ्यासाठी एवढं कुणी करतं, याचं मला फार अप्रूप वाटलं होतं.

पुढे मी पुस्तकांची प्रुफं तपासायचं काम धरलं. आजही तेच करते. चूक दिसली की मला गप्प बसवत नाही. लग्नपत्रिका आली तरी आधी लाल पेन शोधते. दादा हडपसरला गेला. तिथं त्यानं फ्लॅट घेतला, जवळच गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान टाकलं. वहिनी गेल्यावर तो एकटाच राहायचा.

तीन वर्षांपूर्वी त्याच्या सोसायटीत एक माणूस जिन्यावरून पडून मेला. दादाच्या समोरच्या फ्लॅटमधला. त्याचं आणि दादाचं गाडी लावायच्या जागेवरून वर्षभर वाजत होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. त्या दिवशी संध्याकाळी सातच्या सुमारास दोघांची जिन्यात जुंपली. वरच्या मजल्यावर पोळ्या लाटून देणाऱ्या एक बाई राहायच्या. त्यांनी पोलिसांना सांगितलं, की दादानं त्याला ढकलताना त्यांनी पाहिलं. पोलिसांनी दादाला दुकानातून उचललं.

कोठडीत मी त्याला भेटले. तो म्हणाला, “आमचं भांडण झालं, मी खाली उतरलो, स्कूटर काढली आणि दुकानात गेलो. तो पडला तेव्हा मी तिथं नव्हतोच.” मग थोड्या वेळानं, जमिनीकडे बघत, “डोळे उघडे होते गं त्याचे.” मी त्याला बरोबर आणलेला स्वेटर दिला आणि म्हणाले, काळजी करू नकोस.

तीन महिन्यांनी जामीन झाला. सोसायटीच्या आसपास फिरकायचं नाही अशी अट होती, म्हणून दादा माझ्याकडे राहायला आला. पन्नाशी उलटलेली दोन भावंडं पुन्हा एका घरात. दिवसभर त्याला काही सुचायचं नाही, म्हणून मी पुन्हा वाचनालयाची वर्गणी भरली. जुनी पुस्तकं अजून होती, बांधणी नवी, पानं तीच. आधी तो वाचायचा, मग मी. सांगायला लाज वाटते, पण त्या दिवसांत आम्ही कधी कधी सुखी होतो.

आमचे वकील साठीचे, सावकाश बोलणारे गृहस्थ. पहिल्याच भेटीत मी त्यांच्यापुढे वही ठेवली. त्यात मी संशयितांची यादी केली होती. पहिलं नाव मेलेल्या माणसाच्या बायकोचं. ती त्या वेळी घरातच होती, जिना दारापासून चार पावलांवर, आणि शेजाऱ्यांच्या म्हणण्यानुसार नवरा-बायकोचं पटत नव्हतं. वकिलांनी वही वाचली, मिटली आणि माझ्याकडे सरकवली.

“आपण पुस्तकं वाचता, चांगलं आहे. वाचनालयातच ठेवा ती,” ते म्हणाले. “खुनी कोण, हे शोधायला मला कुणी नेमलेलं नाही. ढकलताना पाहिलं हे सिद्ध होत नाही, एवढंच मला दाखवायचंय. ज्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत नाही तो मी विचारत नाही. आपणही विचारू नका.”

मला वाटलं, म्हाताऱ्याच्या अंगात दम नाही.

खटला उभा राहिला. आमच्या पुस्तकांतलं कोर्ट आणि शिवाजीनगरचं कोर्ट यांचा काडीचा संबंध नाही. इथं कुणी कुणाकडे रोखून बघत नाही. साक्षीदार बोलतो, मग न्यायाधीश ते आपल्या भाषेत टंकलेखकाला सांगतात आणि टकटक होऊन ते कागदावर उतरतं. वकील विचारतात, “तुम्ही खोटं बोलताय?” साक्षीदार म्हणतो, “नाही.” कागदावर येतं, ‘मी खोटी साक्ष देत आहे हे म्हणणे खरे नाही.’ प्रत्येक साक्षीदाराच्या शेवटी हेच वाक्य. सगळे भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत असतात. मेलेल्या माणसाची बायको दर तारखेला यायची, शेवटच्या बाकावर बसायची, दुपारी बाहेरच्या कठड्यावर एकटीच डबा खायची. मी तिच्यावर नजर ठेवून असायचे. डबा खाताना तिचा हात थरथरतो, असं मी वहीत लिहून ठेवलंय.

पोळीवाल्या बाईंची साक्ष झाली त्या दिवशी मी वकिलांच्या अगदी मागच्या खुर्चीवर होते. बाई मूळच्या अमरावतीकडच्या, मुलगा इथं कंपनीत लागला म्हणून आलेल्या. सरकारी वकिलांना त्यांनी सरळ सांगितलं, “त्यायनं ढकललं जी. मी पाह्यलं.”

मग आमचे वकील उठले. मान्य करते, मी त्यांना ओळखलंच नव्हतं. अर्ध्या तासात त्यांनी, आवाज न चढवता, बाईंच्या तोंडून एकेक गोष्ट काढली. बाईंना दूरचं नीट दिसत नाही. त्या वेळी चष्मा गॅसजवळ राहिला होता. जिन्यातला दिवा आठ दिवस गेलेला होता. सात वाजता तिथं अंधार असतो. दोघा माणसांची अंगकाठी सारखीच. टकटक टकटक, सगळं कागदावर उतरलं. दादाच्या बाजूनं एवढं चांगलं त्या कोर्टात आजवर काहीच झालं नव्हतं. वकिलांनी कागद गोळा केले आणि बसायला खुर्ची ओढली.

आणि मला राहवलं नाही. जिंकलेला डाव हा माणूस अर्ध्यावर सोडतोय, असं वाटलं. पुस्तकातल्या वकिलानं इथंच तो शेवटचा प्रश्न टाकला असता, बाईंची बोबडी वळली असती, शेवटच्या बाकावरची ती थरथरत उठली असती. मी वहीचं पान फाडलं, लिहिलं, ‘अंधार होता, चष्मा नव्हता, तर हाच माणूस होता हे कशावरून? विचाराच,’ आणि वकिलांच्या हातात कोंबलं.

त्यांनी वाचलं. माझ्याकडे बघून मान हलवली, नको. मी त्यांच्या कोटाची बाही धरली. होय, धरली. न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, “झालं का, वकीलसाहेब?”

“एक मिनिट आरोपीशी बोलू का, साहेब?” म्हणत ते मागे गेले. आरोपीच्या जागेवर दादा उभा होता. वकिलांनी चिठ्ठी त्याच्यापुढे धरली. हलक्या आवाजात काय म्हणाले, ते मला ओठांवरून कळलं. “विचारू?”

दादानं चिठ्ठी वाचली. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी त्याला हसून खूण केली. चेहऱ्यावरची रेघ न हलवता त्यानं मान डोलावली.

वकिलांनी परत येऊन प्रश्न विचारला.

बाई जराही अडखळल्या नाहीत. “वळखाले काय, जी. ते माणूस खाली पडलं, तवा यायनं मोबाइलची बत्ती लावली. वाकून पाह्यलं त्याच्याकडं. समदा उजेड यायच्याच तोंडावर. मंग बत्ती बंद केली अन् त्याले वलांडून गेले खाली.”

“हे तुम्ही पोलिसांना सांगितलेलं नाही,” वकील म्हणाले.

“त्यायनं इचारलंच नाही.”

न्यायाधीशांनी टंकलेखकाकडे वळून एकेक शब्द सुटा सुटा सांगितला. ‘आरोपीने मोबाइलच्या उजेडात खाली पडलेल्या इसमास वाकून पाहिले व त्यास ओलांडून तो निघून गेला.’ टकटक झाली. मागच्या बाकावर मेलेल्या माणसाची बायको तोंडावर पदर दाबून बसली होती. माझ्या यादीतली पहिली संशयित. आपला नवरा कसा गेला, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, आणि ते माझ्या चिठ्ठीमुळे.

बाहेर वकील मला फक्त एवढंच म्हणाले, “आता पुढच्या तारखेला आपण नाही आलात तरी चालेल.”

बसमध्ये आम्ही दोघं शेजारी बसून आलो. घरी दादानं चहा टाकला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून विचारलं, “ओलांडून गेलास?”

“हो.”

“श्वास चालू होता त्याचा?”

त्यानं चहात साखर टाकली. “होता.”

मला त्याचा विलक्षण राग आला आणि त्याच वेळी त्याच्यापुढचा चहा उतू जातोय हेही दिसत होतं. मी पुढे होऊन गॅस बंद केला. “मग मान कशाला डोलावलीस? नको म्हणायचंस. वकील तुलाच विचारायला आले होते ना?”

“नको म्हटलं असतं तर तुला तिथंच कळलं असतं,” दादा म्हणाला. “म्हटलं, बाईंना दिसलं नसेल कदाचित.”

पाच महिन्यांनी निकाल लागला. सात वर्षं. निकालपत्रात एक वाक्य आहे, ‘ही बाब बचाव पक्षानेच विचारलेल्या प्रश्नाच्या उत्तरात पुढे आली आहे.’ त्यात एकही चूक नाही. मी तपासलंय.

निकालाच्या दिवशी निघताना दादानं वाचनालयाचं पुस्तक माझ्या टेबलावर ठेवलं होतं. सकाळी संपवलेलं. चार दिवस मी त्याला हात लावला नाही. मग उघडलं, तर पहिल्या पानावर तीच जुनी राखाडी जागा, आणि पानांच्या बेचक्यात खोडरबरचे ताजे कण.

आता एक गोष्ट सांगून टाकते, जी मी दादालाही कधी सांगितलेली नाही. पेन्सिल दाबून लिहिलं असेल तर कितीही खोडा, वळ राहतो. पान खिडकीशी तिरपं धरलं की सगळं वाचता येतं. हे मला आठव्या वर्षीच समजलं होतं. प्रत्येक पुस्तकाचा खुनी मला पहिल्या पानापासून माहीत असायचा, आणि तरी मी दादासमोर बसून शेवटपर्यंत न कळल्यासारखं वाचायचे. त्यानं एवढं घासलंय, तर त्याचं मन कशाला मोडा, म्हणून.

डोळे उघडे होते गं त्याचे, हे दादा कोठडीत म्हणाला तेव्हाही मी तेच केलं. जो माणूस तिथं नव्हताच, त्यानं डोळे कुठून पाहिले? दुसऱ्या कुणाच्या मजकुरात ही चूक असती तर मी लाल गोल केला असता. इथं मी स्वेटर पुढे केला. आणि तेव्हापासून ते वाक्य डोक्यात ठणकत राहिलं, म्हणून वही केली, म्हणून एका विधवेच्या डब्यावर पाळत ठेवली, म्हणून ती चिठ्ठी लिहिली. बाईंनी “माहीत नाही जी” म्हणावं आणि माझ्या मनातली शंका एकदाची खोटी ठरावी, एवढंच मला हवं होतं.

दर महिन्याला मी येरवड्याला जाते. तो विचारतो, “ते पुस्तक वाचलंस का?” मी सांगते, अर्ध्यावर आहे. तो मान डोलावतो आणि पुढचं काही सांगत नाही.