न तोलता लिहिलेलं वजन

वजन हा माझा रोजचा धंदा आहे. नांदेड जिल्ह्यात मी अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका. हिमायतनगरपासून इस्लापूरपर्यंतच्या पट्ट्यात किती पोरं मी झोळीत टांगून तोलताना पाहिली असतील, याची गणती नाही. काटा शून्यावर आहे ना, पोराच्या अंगात जाड स्वेटर नाही ना, आकडा लगेच वहीत चढतोय ना, एवढं बघायचं. एका गावच्या सेविकेनं पावसाचं निमित्त करून सगळ्या पोरांची वजनं घरी बसून लिहिली होती. मागच्या महिन्यापेक्षा प्रत्येकाला पाव पाव किलो वाढवून दिलं होतं. मी तिला चारचौघींत बोलले, "पोर न तोलता वजन लिहिता? मग पोर तरी कशाला पाहिजे, वही पुरे की." तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी मी थांबले नाही. माझं तोंड तसंच आहे.

हे आधी सांगितलं, कारण पुढे तेच मी केलं, आणि तेही घरात.

माझी मुलगी तेव्हा सव्वीस वर्षांची होती. नांदेडला एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे, दिवसभर लोकांचं रक्त काढते. एक दिवस सहज स्वतःचं तपासलं तर साखर निघाली. वजन एकशे चौदा किलो होतं. झोपेत श्वास अडकायचा, दिवसा डोळे मिटायचे. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो. कामावरून आली की दाराजवळच्या खुर्चीत तशीच बसून राहायची, चप्पल काढायलाही तिला पाच मिनिटं लागायची. डॉक्टरांनी वजन कमी करण्याच्या ऑपरेशनचं नाव काढलं. तिनं महिनाभर वाचलं, ऑपरेशन झालेल्या दोन बायकांशी फोनवर बोलली आणि मग आम्हाला सांगितलं की तिला करायचंय.

मी ताबडतोब हो म्हणाले. इतक्या ताबडतोब की तिलाच नवल वाटलं. खरं सांगायचं तर साखर मला ऐकूच आली नव्हती, मला लग्न ऐकू आलं होतं. लातूरचे सर्जनही मीच शोधले. नांदेडात केलं असतं तर आठ दिवसांत गल्लीभर बोभाटा झाला असता.

त्याच सुमारास आमच्या समाजाच्या वधू-वर मेळाव्याची पुस्तिका छापायला जाणार होती. फॉर्म मी भरायला घेतला. शिक्षण, नोकरी, उंची भराभर लिहिलं आणि वजनाच्या रकान्याशी हात थांबला. ऑपरेशन दोनेक महिन्यांत होईल असं मी धरून चालले होते. पुस्तिका लोकांच्या हाती पडून स्थळं यायला वर्ष तरी जाणार, तोवर ही बारीक झालेली असणारच. मग आजचं वजन लिहून उपयोग काय, असा विचार करून मी अठ्ठावन्न लिहिलं. अठ्ठावन्नच का, तर माझ्या लग्नात माझं तेवढं होतं. तोच बायोडाटा समाजाच्या ग्रुपवरही टाकला. आपण खोटं लिहितोय असं एकदाही मनात आलं नाही. थोडं आधी लिहितोय, इतकंच वाटलं.

लातूरला पहिल्या भेटीत डॉक्टरांनी तपासण्यांचे कागद बाजूला ठेवले आणि मुलीला विचारलं, "ऑपरेशननंतर काय व्हावं असं वाटतं तुला?"

ती म्हणाली, "साखरेच्या गोळ्या बंद व्हाव्यात, नाहीतर कमी तरी. सलग झोप लागावी. आणि विहारात सगळ्यांसोबत खाली बसून वंदना करता यावी."

विहारात भिंतीला लागून तिची खुर्ची मीच मांडून ठेवायची. तिला ती बरी वाटते अशी माझी समजूत होती.

मग डॉक्टरांनी मला विचारलं. मी म्हणाले, "अठ्ठावन्न किलो."

ते हसले नाहीत. कागद ओढून त्यांनी तिची उंची लिहिली, आजचं वजन लिहिलं आणि पुढचं एकेक त्यावर लिहीत म्हणाले, "ताई, उंचीच्या मानानं हिचं जास्तीचं वजन पन्नास किलोच्या वर आहे. ऑपरेशननं ते सगळं जात नाही. बरेचदा अर्ध्याहून थोडं जास्त जातं, कुणाचं आणखी थोडं. ही ऐंशीच्या आसपास थांबेल असा माझा अंदाज आहे, आणि त्याला दीडेक वर्ष लागेल. सुरुवातीला भराभर उतरेल, मग हळू, मध्ये काही आठवडे अडेलसुद्धा. पुढे थोडं परतही येऊ शकतं. काही महिने केस गळतील, कातडी सैल पडेल, व्हिटॅमिनच्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतील. साखर सुटायची शक्यता चांगली आहे, पण खात्री मी देत नाही."

"ऐंशी?" मी म्हणाले. "मग ऑपरेशन तरी कशाला करायचं?"

मुलगी माझ्याकडे बघत राहिली. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "ऑपरेशन कोणाचं आहे, ताई?" मुलीनं त्यांच्याकडून विचार करायला आठ दिवस मागून घेतले.

परतीच्या बसमध्ये अहमदपूर गेल्यावर तिनं फोन माझ्यापुढे धरला. मी टाकलेला बायोडाटा फिरत फिरत तिच्या मैत्रिणीकडून तिच्याकडेच आला होता.

"आई, हे अठ्ठावन्न कोणाचं हाय?"

"तुझंच. होणार हाय ना आता."

"सेविकांना बोलून राहतेस दिवसभर, अन् मला न तोलताच लिहून मोकळी झालीस."

"लग्नासाठीच लिहिलं की ग."

"मग ऐक," ती म्हणाली. "मी नाही करत ऑपरेशन. उद्या मी ऐंशीवर थांबले, साखर गेली, श्वास मोकळा झाला, तरी घरात तू तोंड पाडून बसशील. पोट कापून घ्यायचं अन् वरून नापासही व्हायचं, कोणी सांगितलंय? तो आकडा काढ आधी. मग बघू."

मला राग आला. आईशी असं बोलतात का, असं काहीतरी मी म्हणाले.

पुढचे दिवस ती कामावर जात होती, येत होती, जेवत होती. ऑपरेशनचा विषय तिनं काढला नाही. तिचे वडील मला एवढंच म्हणाले, "हट्ट तुझ्यावरच गेलाय तिचा." रोज संध्याकाळी जिन्यात तिची पावलं ऐकू यायची. पहिल्या मजल्यावर ती थांबायची. एकदा बराच वेळ पावलं आलीच नाहीत, म्हणून मी दार उघडून बाहेर गेले. ती कठड्याला धरून उभी होती, ओठ काळे पडले होते. मला पाहून तिनं हातानंच 'थांब, येते' म्हटलं. तेव्हा मी घाबरले. ही खरंच करणार नाही, आणि ते माझ्या एका रकान्यापायी होणार, हे मला तिथं उभ्या उभ्या कळलं.

दुसऱ्या दिवशी पुस्तिकेचं काम बघणाऱ्या गृहस्थांना फोन लावला. निवृत्त मास्तर होते.

"जय भीम, सर. माझ्या मुलीच्या वजनात दुरुस्ती करायची होती. एकशे चौदा लिहा."

ते म्हणाले, "ताई, मोकळा सोडा ना तो रकाना. लई जण सोडून राहिलेत."

"नको, लिहाच."

"तुम्ही स्वतःच पोरीचं नुकसान करून राहिलात बघा."

"असू द्या. तोललेलं हाय ते."

ग्रुपवरही दुरुस्ती टाकली. चार-पाच जणांनी नुसते हात जोडले. एकीनं 'प्रामाणिकपणाला सलाम' असं लिहिलं, तेव्हा तिच्या घरी जाऊन तिला काट्यावर उभं करावंसं वाटलं. मुलीनं ते सगळं वाचलं आणि लातूरला फोन करून तारीख घेतली.

ऑपरेशन सुरळीत झालं. पहिले काही दिवस घोट घोट पाणी, मग पातळ वरण, ताक, मग वाटीभर मऊ खाणं. आमच्या घरात भाकरी चुरून ताटभर खायची सवय; आता तिची छोटी वाटी नि छोटा चमचा. वजन उतरत गेलं. आठव्या महिन्यात ब्याण्णववर अडलं आणि दीड महिना हललं नाही. मी न राहवून विचारलंच, "बाहेर काही खाऊन राहिलीस का?" तिनं डॉक्टरांचा पहिल्या दिवसाचा कागद आणून माझ्यासमोर ठेवला आणि 'मध्ये अडेल' या शब्दांवर बोट ठेवलं. पुढे ते आपोआप सुटलं. साखरेच्या गोळ्या आधी निम्म्या झाल्या, मग बंद. केस गळले, पुन्हा आले. दंडाची कातडी सैल पडली म्हणून ती लांब बाह्यांचेच ड्रेस शिवते. पावसाळ्यात, वर्षावासाच्या दिवसांत, विहारात ती पांढरी साडी नेसून खाली बसली. उठताना जमिनीला हात टेकावा लागला, पण उठली. मी आधार द्यायला गेले तर तिनं डोळ्यांनीच मला परत बसवलं.

पुस्तिकेवरून एकही फोन आला नाही. खोटं कशाला सांगू.

गेल्या महिन्यात दीड वर्षाची तपासणी होती. काट्यावर ब्याऐंशी आलं. डॉक्टर खूश होते. म्हणाले, "सांगितलं होतं तिथंच आलीस. आता उतरवायच्या मागे लागू नको, टिकव." मी मान हलवली. दवाखान्याच्या कँटीनमध्ये आम्ही चहा घ्यायला बसलो. तिनं अर्धाच मागवला.

"आई," ती म्हणाली, "वजाबाकी झाली का?"

"कसली?"

"ब्याऐंशीतून अठ्ठावन्न."

झाली होती. काट्यावर आकडा दिसला तेव्हाच झाली होती, डॉक्टर बोलत होते तेव्हा मी त्या उत्तरापाशीच होते. नाही म्हणता आलं असतं. तिनं ते मानल्यासारखंही केलं असतं.

"हाव," मी म्हणाले. "चोवीस राहिले."

"राहिले नाहीत ते. माझेच हायेत."

मला लाज वाटली. दीड वर्ष मी दर महिन्याला तिच्यासोबत काट्याजवळ उभी राहिले होते आणि दर महिन्याला किती उरले तेवढंच बघत आले होते. इतक्या वेळा ती काट्यावरून उतरली, मी एकदाही तिच्या पाठीवर हात ठेवला नव्हता. अंगणवाडीत शंभर ग्रॅमनं वाढलेल्या पोराच्या आईलासुद्धा मी शाबास म्हणते.

"बत्तीस किलो गेले की ग तुझे," मी म्हणाले.

तिनं कप खाली ठेवला, ओढणी तोंडावर धरली आणि रडायला लागली.