पॅकेज बदलताना

एका दवाखान्याच्या कामाचा आराखडा संगणकावर काढताना मी ‘रुग्ण क्रमांक’ हा माहितीचा नवा प्रकार बनवला. सॉफ्टवेअरनं तो ‘औषधं’ या पॅकेजात, म्हणजे कप्प्यात, टाकला, कारण आधी क्लिक केलेलं तेच पॅकेज निवडलेलं राहिलं होतं. हवा होता ‘नोंदणी’त. कळलं तोवर ऑफिसातल्या सगळ्यांच्या आकृत्या रेघांनी त्याला जोडलेल्या. मी तो पुसायला निघाले.

“पुसतेस काय, बये! सगळ्यांच्या रेघा जातील,” मला शिकवून इथं उभं करणाऱ्या मीनाताई ओरडल्या. “धर आणि ओढून ने.”

आठवीतून शाळा आणि घर सोडून इतक्या लांब आले, तेव्हापासून वाटायचं, जागा बदलली की तुटायचंच. मी तो धरून ‘नोंदणी’त ओढला. एकही रेघ तुटली नाही.

कितीतरी महिने टाळलेला फोन मी जेवणाच्या सुट्टीत आईला लावला.