पेटीतला वास

कान थो शहरातल्या संग्रहालयात नाटकाचं दालन उभारायचं काम आलं, तेव्हा विएननं अटीही न वाचता हो म्हटलं. दालनाच्या भिंतीवर जुन्या नाटक मंडळीतल्या नटनट्यांची नावं लागणार होती. त्यात तिला आईचं नाव हवं होतं, बाकी कशाची तिला पडली नव्हती.

आई म्हणजे सुओंग. कालव्याकाठच्या गावांतून ‘काय लुओंग’ नावाची संगीत नाटकं करत फिरणाऱ्या नावेवरची राणी. एका प्रयोगात ती भर रंगमंचावर एक वाक्य विसरली. मंडळीनं तिला पोरीसकट धक्क्यावर उतरवलं आणि उरलेला जन्म राणीसाहेबांनी त्याच धक्क्यावर कण्यांचा भात विकला. कोणी म्हणालं पिऊन आली होती, कोणी म्हणालं माज चढला होता. लोकांनी मनसोक्त तोंडसुख घेतलं. आईनं कधी खुलासा केला नाही, घरात नाटकाचा विषय काढायची कोणाची टाप नव्हती. आता तर खुलासा करणारीच उरली नव्हती. म्हातारपणानं तिच्या आठवणीतलं सगळं पुसून नेलं होतं. पोटच्या पोरीला ती ‘अहो बाई’ म्हणायची.

नाव लागायचं तर ताम काकांचा होकार लागणार होता. ते मंडळीचे प्रॉम्प्टर. रंगदेवतेचा देव्हारा अजून त्यांच्याच घरी होता आणि तो दालनासाठी द्यायचा की नाही, हेही त्यांच्याच हातात होतं. ‘‘वाक्य विसरलेल्या नटीचं नाव भिंतीवर?’’ म्हणून त्यांनी आधी नाक मुरडलं होतं. बऱ्याच मिनतवाऱ्यांनंतर म्हणाले, ‘‘आधी दालन बघतो, मग बोलू.’’

विएननं जीव ओतला होता. काचेच्या कपाटात पोशाख टांगून मोकळं होणाऱ्यांतली ती नव्हे. तिनं नावेचं अख्खं पोटच उभं केलं. पायाखाली फळ्या किंचित डुलायच्या, अंधारात आरशांभोवती दिवे लागायचे, आणि बघायला आलेला माणूस आत गेला की कानाशी प्रॉम्प्टरची कुजबूज सुरू व्हायची, जणू आता यालाच रंगमंचावर जायचंय. शिवाय वास. पावडर, रॉकेल, घाम हे जुन्या नटांनी सांगितलेले. एक विएनचा स्वतःचा. पाच वर्षांची असताना एकदा ती आईच्या पोशाखाच्या पेटीला टेकून झोपली होती, तेव्हा पेटीतून पिकलेल्या थीच्या फळाचा गोड वास येत होता. तिच्या लेखी नाटकाचा वास तोच. म्हणून तो तिनं आरशांपाशी ठेवलेल्या तशाच एका पेटीत भरला होता.

ताम काका काठी टेकत आत आले आणि दारातच थबकले.

‘‘थी कोणी आणली इथं?’’

‘‘फळ नाही काका, नुसता वास आहे. आईच्या पेटीला यायचा तसा.’’

काकांचा चेहरा पांढराफटक पडला. ‘‘सुओंगच्या पेटीला? कधी?’’

‘‘मला ताप होता तेव्हा. शेवटचीच आठवण आहे ती नावेवरची. का?’’

‘‘का म्हणून विचारतेस? नाटकवाल्याची पोर ना तू?’’ काका ओरडलेच. ‘‘आपली रंगदेवता म्हणजे नाटक बघता बघता मेलेली दोन लहान पोरं. थीचा वास आला की ती देव्हारा सोडून फळामागं पळतात आणि नटाचे शब्द जातात. रंगमंचामागं थी आणायची नसते हे नावेवरच्या मांजरालाही ठाऊक होतं! विसरली म्हणून एक वेळ माफ केलं असतं. हिनं तर जाणूनबुजून आणली. नाव विसर आता. आणि हा वास इथं असेपर्यंत देव्हाराही मिळायचा नाही.’’

आईला सोडवायला निघालेली विएन, तिनंच आईला पुरतं अडकवलं होतं.

तेवढ्यात शेजारीण सुओंगला चाकाच्या खुर्चीवरून आत घेऊन आली. काकांनी हो म्हटलं की आईला लगेच तिचं नाव दाखवायचं, म्हणून विएननंच तिला बोलावलं होतं. खुर्ची आरशांपाशी आली. म्हातारीनं मान वर केली, दीर्घ श्वास घेतला आणि काकांकडे बघून दबक्या आवाजात म्हणाली, ‘‘ताम भाऊ, कोणाला सांगू नका हं. कळतं हो मला. पण पोर तापानं फणफणलीय, थी हुंगल्याशिवाय डोळा लागत नाही तिचा. एवढा प्रयोग होऊ दे, मग टाकते पाण्यात.’’

ताम काकांनी काठी बाजूला ठेवली. ते कसेबसे खाली वाकले आणि तिच्या कानाशी कुजबुजले, ‘‘महाराज, दिवा मालवू नका...’’ ती विसरलेलं तेच वाक्य. त्या रात्रीही त्यांनी ते असंच तीनतीनदा सांगितलं होतं.

सुओंगनं वाक्य उचललं नाही.

विएन खुर्चीपुढं गुडघ्यांवर बसली. रडू तिला आवरेना. ‘‘आई, अगं मीच ती. बरी झाले मी. बघ ना.’’

म्हातारीनं दचकून पेटीकडे पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. ‘‘हळू बोला हो बाई. आत्ताच कुठं झोपलीय.’’