'मालक' म्हणून हाक मारली, दोन आले

अमावस्येला मी मुद्दाम मशीन खरेदी करायचो... त्या दिवशी गिऱ्हाईक नसतं, भाव पडतो. भुताखेतांवर माझा किती विश्वास असेल ते यावरून समजा.

१९९९ सालची गोष्ट. डोंबिवली पूर्वेला मानपाडा रोडवर आमचं रबरी गॅस्केटचं वर्कशॉप. मोठा भाऊ अण्णा आणि मी, दोघांनी उभं केलेलं. त्याआधी काही वर्षं तो भांडून ठाण्याला गेला होता — आमचीच तीन मोठी गिऱ्हाइकं घेऊन. तेव्हापासून त्याचं नाव काढायचं नाही, हा माझा नियम.

बहिणीची मुलगी केतकी आमच्या वर्कशॉपची वेबसाइट बनवत होती. घासाघीस करून ऑर्डर फॉर्मचं पान मी फुकटात करून घेतलं. त्यात 'मालक' नावाचा रकाना, त्यात आपोआप माझं नाव.

"मामा, जावास्क्रिप्टमध्ये, म्हणजे वेबपानाच्या प्रोग्रामच्या भाषेत, रकान्याला नावाने हाक मारायची. त्या नावाचा एकच असेल तर तोच येतो, दोन असले तर दोघांची यादी येते."

तिने बटण दाबून हाक मारली. यादी आली — दोन. पडद्यावर रकाना एकच.

"दुसऱ्यात काय आहे बघ."

छोटी खिडकी उघडली. त्यात अण्णाचं नाव.

मी भडकलो. "तुझ्या आईने शिकवून पाठवलं का, आमची दिलजमाई करायला?"

"मामा, फुकटच्या पानात एवढी मेहनत कोण करेल?"

तिला हात मांडीवर ठेवून बसवलं. नवी फाइल उघडून, ती सांगेल तसं मीच एका बोटाने टाइप केलं. 'मालक' एकदाच. तरी दोन... आणि दुसऱ्यात अण्णा.

रागाच्या भरात इतक्या वर्षांनी त्याला फोन लावला. "काय करून ठेवलंयस?"

सगळं ऐकून तो म्हणाला, "अरे, मला व्हीसीआर लावता येत नाही." मग म्हणाला, "पण फॉर्मवर माझं नाव नव्हतंच का रे?"

मी फोन आपटला.

केतकीने पुढे बऱ्याच जाणकारांना विचारलं. कोणालाच उलगडा झाला नाही. साइट त्या फॉर्मशिवाय चालू केली. ती तीन गिऱ्हाइकं मी विसरलेलो नाही, विसरणारही नाही. पण फाइल जपून ठेवलीय. अधूनमधून उघडतो, हाक मारतो... अजून दोन येतात.

फक्त हल्ली बटण दाबण्याआधी बोट थांबतं — एकच आला तर?